निघताना मेन व्हॉल्व्ह बंद केला का?

डिसेंबरच्या मध्यावर मिनेसोटातली कितीतरी मराठी घरं कुलूप लावून भारताकडे निघतात. मुलांच्या शाळांना नाताळची सुट्टी, पुण्या-नागपुरात लग्नसराई, आईवडिलांनी वर्षभर बघितलेली वाट. मुक्काम तीन-चार आठवड्यांचा, त्यामुळे याद्याही लांबलचक होतात: पासपोर्ट, ओसीआय कार्ड, भाच्यांची चॉकलेटं, काट्यावर २३ किलोंच्या आत बसवायची बॅग. या यादीत सगळ्यात वर एक ओळ असावी असं मला कळकळीने वाटतं. घरात येणारं पाणी मेन व्हॉल्व्हपाशी बंद करायचं, आणि मगच कुलूप लावायचं.

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात मी एका विमा कंपनीसाठी घरांच्या नुकसानीची पाहणी करते. उन्हाळ्यात गारपिटीने फुटलेली छपरं बघायची आणि जानेवारी उजाडला की पाण्याने भिजलेली घरं. बाहेर उणे २५ अंश आणि घरात छतातून पाण्याची धार, हे चित्र निफाडला माझ्या माहेरी सांगितलं तर पहिल्यांदा कुणालाच पटलं नव्हतं. एवढ्या थंडीत पाणी वाहतंच कसं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर पुढे येईल.

आधी एका घराबद्दल सांगते. कुटुंब जानेवारीत पुण्याहून परतलं होतं. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराला बाहेरची भिंत होती आणि त्या भिंतीतून जाणारा अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाइप फाटला होता. फट करंगळीच्या नखाएवढी. पण शहराच्या जलवाहिनीचं पाणी दाबाने येतं आणि कुणी बंद करेपर्यंत थांबत नाही. इथल्या भिंती आणि छतं जिप्समच्या फळ्यांची असतात, त्यांना ड्रायवॉल म्हणतात. ती पाणी पिते, जड होते आणि स्क्रूंमधून सुटून खाली येते. स्वयंपाकघरातलं छत ओट्यावर पडलं होतं. लाकडी जमीन फुगून तिच्या पट्ट्या उभ्या राहिल्या होत्या. पाणी त्याखालून बेसमेंटमध्ये उतरलं होतं आणि तिथे जे ठेवलं जातं ते सगळं भिजलं होतं: लग्नाचे अल्बम, मुलाचा तबला, आजीने दिलेल्या साड्यांची पेटी. तबल्याची शाई उकलून आली होती. विम्याच्या तक्त्यात मी त्याची किंमत लिहिली; त्या वस्तूंना किंमत लावणं हा माझ्या कामाचा सगळ्यात अवघड भाग आहे.

"ताई, आम्ही हीटिंग चालू ठेवून गेलो होतो हो," ते गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते. ते खरंच होतं. पण भिंतीवरचा थर्मोस्टॅट दोन पेन्सिल सेलांवर चालणारा होता. सेल संपले, थर्मोस्टॅट बंद पडला, भट्टीला सुरू हो म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही. घर हळूहळू बाहेरच्याइतकं गार झालं. म्हणून मी एकट्या हीटिंगवर भरवसा ठेवू नका असं सांगते. ऊब देणारं यंत्र आहे, ते बंद पडू शकतं. वीज जाऊ शकते. गावाबाहेरच्या घरात टाकीतला प्रोपेन गॅस संपू शकतो. पाणी मात्र एकदा बंद केलं आणि पाइप रिकामे केले की वाहायला काही उरतच नाही.

आता पाइप फुटतो कसा ते पाहू. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि त्या फुगण्याने पाइप फुटतो असं आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण अर्धंच. पाइपात एखाद्या थंड जागी बर्फाचा बोळा तयार होतो. तो पाइपाच्या लांबीच्या दिशेने वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे ढकलतो. सिरिंजचं टोक बोटाने दाबून धरावं आणि दट्ट्या रेटावा तसं ते पाणी मध्ये कोंडलं जातं. घरातल्या पाण्याचा दाब दर चौरस इंचाला साधारण ४० ते ८० पौंड असतो. या कोंडलेल्या पाण्यात तो हजारांच्या घरात जाऊ शकतो. मग बर्फ आणि नळ यांच्या मधली कच्ची जागा फाटते. ती जागा पुष्कळदा बर्फापासून दूर असते, आणि तिथे गोठलेलं पाणी नसतंच. इलिनॉय विद्यापीठात १९९०च्या दशकात यावर पद्धतशीर प्रयोग झाले. उघड्या, इन्सुलेशन नसलेल्या पाइपांच्या बाबतीत बाहेरचं तापमान २० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या आसपास आलं की सावध व्हावं, हा इथे सर्रास सांगितला जाणारा आकडा त्याच संशोधनातून आलेला आहे.

आणि माहेरच्यांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पाइप फाटला तरी बर्फाचा बोळा बुचाचं काम करत राहतो, त्यामुळे बाहेर फारसं पाणी येत नाही. मग थंडी उतरते किंवा भट्टी पुन्हा सुरू होते, बोळा वितळतो आणि धार लागते. पाइप फुटतो कडाक्यात, घर भिजतं ते ऊब परतल्यावर. ते पुण्याचं कुटुंब घरी आलं, सेल बदलले, घर गरम झालं, सगळे थकून झोपले. पहाटे छत खाली आलं.

निफाडलाही थंडी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा जानेवारीत खाली गेला की त्याची बातमी होते, आणि द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात. पण तो गारठा पहाटेच्या काही तासांचा. दिवसा तापलेली जमीन आणि भिंती रात्रभर ऊब सोडत राहतात, आणि भिंतीतला पाइप शून्याला पोचण्याआधी ऊन येतं. इथे जानेवारीत दुपारीही पारा शून्याच्या वर येत नाही, कधी आठवडेच्या आठवडे. ३० जानेवारी २०१९ला मिनिआपोलिसला उणे ३३ सेल्सियस नोंदलं गेलं होतं. जमीन इतकी खोल गोठते की राज्याच्या दक्षिण भागात घराचा पाया निदान ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल घालावा असा बांधकामाचा नियम आहे. शहराची जलवाहिनी त्याहूनही खोलवरून जाते.

घराच्या आत मात्र धोक्याच्या जागा ठरलेल्या असतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं स्वयंपाकघरातलं सिंक. गॅरेजच्या वर बांधलेली खोली आणि तिचं न्हाणीघर, कारण खालचं गॅरेज गरम केलेलं नसतं. बेसमेंटच्या कडेला, जिथे लाकडी तुळया पायावर टेकतात ती पट्टी. भिंतीत केबल किंवा गॅसची नळी आत आणताना पाडलेलं आणि नीट न बुजवलेलं भोक. या शेवटच्या जागेकडे लोक दुर्लक्ष करतात, पण त्यातून येणारी वाऱ्याची तिरीप नेमकी पाइपावर लागत राहिली तर बाकीची भिंत उबदार असूनही तेवढाच तुकडा गोठतो. ऑक्टोबरमधल्या एखाद्या वाऱ्याच्या दिवशी बेसमेंटच्या कडेने उदबत्ती पेटवून फिरा. धूर जिथे हलतो तिथे फट आहे. ती बुजवायला फोमचा एक डबा पुरतो.

आता मेन व्हॉल्व्ह. बहुतेक घरांत तो बेसमेंटमध्ये रस्त्याकडच्या भिंतीला, पाण्याच्या मीटरशेजारी असतो. लांब दांडी असेल तर ती पाव फेरा फिरवायची. दांडी पाइपाला आडवी झाली की पाणी बंद. जुन्या घरांत गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असतो. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बरेच फेरे फिरवावा लागतो आणि वर्षानुवर्षं न हलवल्याने जाम झालेला असतो. तो निघायच्या दिवशी, टॅक्सी दारात असताना फिरवून बघू नका. शरद ऋतूतच बघा, आणि अडत असेल तर प्लंबरकडून दांडीचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याचा खर्च भिजलेल्या एका खोलीच्या खर्चापुढे काहीच नाही.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडा, गरम आणि गार दोन्ही बाजूंनी. कमोड एकदा फ्लश करा. पाइपातलं पाणी उतरून जाईल. फ्रिजमधलं बर्फ बनवायचं यंत्र आणि भट्टीला जोडलेला ह्युमिडिफायर बंद करा, कारण दोन्ही त्याच पाण्यावर चालतात. गीझर सुट्टीच्या खुणेवर ठेवा. घर रेडिएटरांतल्या गरम पाण्याने तापत असेल किंवा आगीसाठी स्प्रिंकलर बसवलेले असतील, तर मात्र प्लंबरला विचारल्याशिवाय पाणी बंद करू नका. त्या दोन्ही व्यवस्थांना पाणी लागतं. थर्मोस्टॅट १३ सेल्सियसच्या, म्हणजे ५५ फॅरनहाइटच्या खाली आणू नका, आणि त्यात नवे सेल घाला.

नवीन भट्ट्यांचे दोन पांढरे प्लास्टिक पाइप भिंतीतून बाहेर आलेले असतात, एक हवा आत घेणारा आणि एक धूर सोडणारा. ते बर्फात गाडले गेले की भट्टी आपली आपण बंद पडते. म्हणून शेजाऱ्याला किल्ली द्या, आणि नुसतं लक्ष ठेवा असं म्हणू नका. या पाइपांवरचा बर्फ बाजूला करायचा, आत जाऊन घर उबदार आहे का ते बघायचं, मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, हे तिन्ही त्याला दाखवून ठेवा. मराठी मंडळात ओळखी भरपूर असतात. एकमेकांच्या घरावर नजर ठेवण्याची पाळी लावून घेतलेली काही कुटुंबं मला माहीत आहेत, आणि ही पद्धत सगळीकडे रुजावी असं मनापासून वाटतं.

विम्याचं एक कलम लोक नुकसान झाल्यावर वाचतात. अमेरिकेतल्या बहुतेक घरविम्यांत गोठून फुटलेल्या पाइपाचं नुकसान भरून मिळतं, पण एका अटीवर: घर रिकामं असताना तुम्ही ते गरम ठेवण्याची वाजवी काळजी घेतली असली पाहिजे, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असले पाहिजेत. कॅनडात अनेक पॉलिसी याहून कडक आहेत. थंडीच्या दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस बाहेर राहणार असाल तर कुणीतरी रोज घरात येऊन बघून जाण्याची सोय केलेली असावी लागते. टोरंटोचे आमचे नातेवाईक हे ऐकून चकितच झाले. आपली पॉलिसी काढून हे कलम आजच वाचा, शंका असेल तर एजंटाला लेखी विचारा. कलमात बसत नाही म्हणून एखाद्याला नकाराचं पत्र जातं तेव्हा मला झोप लागत नाही, कारण निघण्याआधीच्या पाच मिनिटांत ते टळलं असतं.

घरात माणसं असताना कडाका पडला तर पाणी बंद करून बसता येत नाही. मग सिंकखालच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब पाइपांपर्यंत पोचेल. बाहेरच्या भिंतीलगतचा घरातला नळ पेन्सिलीएवढी बारीक धार किंवा भराभर थेंब पडतील इतका उघडा ठेवा. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो हे खरं, पण मोठा फायदा वेगळाच आहे: बोळा झालाच तरी कोंडलेल्या दाबाला नळातून वाट मिळते. गॅरेजचं दार बंद ठेवा. नळाला सकाळी पाणीच आलं नाही तर पाइप गोठला आहे असं समजा. नळ उघडा ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने नळाकडून मागे सरकत पाइप शेकवा. टॉर्चची ज्योत पाइपाला कधीही लावू नका. भिंतीच्या आत कोरडं लाकूड असतं, आणि पाइप वितळवताना घरं पेटली आहेत.

ही सगळी माहिती उत्तरेतल्यांसाठी आहे असं टेक्ससचे मराठी लोक समजत असत. फेब्रुवारी २०२१ने तो समज मोडला. १६ फेब्रुवारीला डॅलस-फोर्ट वर्थला उणे १९ सेल्सियस तापमान होतं. विजेचं जाळं कोलमडलं आणि राज्यातली ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली. तिथल्या घरांची बांधणीच वेगळी. बेसमेंट नाही, त्यामुळे पाण्याचे पाइप बऱ्याचदा छपराखालच्या माळ्यातून जातात, आणि त्या माळ्याला ऊब मिळत नाही. कित्येक घरांत पाणी तापवायचं यंत्र बाहेरच्या भिंतीवर बसवलेलं. ते गोठू नये म्हणून त्यात छोटा हीटर असतो, पण तो विजेवर चालतो आणि वीजच नव्हती. ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसमधल्या कितीतरी मित्रमंडळींच्या घरी पाणी माळ्यावरून खाली आलं. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे माहीत नसल्याने त्यांच्यातले काहीजण रस्त्याकडेच्या मीटरच्या पेटीचं झाकण उघडायला अवजार शोधत होते. टेक्ससमध्ये राहत असाल तर ते अवजार हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवा आणि कुठे ठेवलंय ते घरातल्या सगळ्यांना सांगा.

पाणी वरूनही येतं, आणि त्याला पाइप लागत नाही. घरातली ऊब माळ्यात झिरपली की छपरावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी उतारावरून वळचणीला येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने गार, तिथे ते पुन्हा गोठतं. असा बर्फाचा बांध वाढत जातो, मागे पाणी साचतं आणि शिंगलच्या खालून घरात शिरतं. वळचणीला लोंबणारे लांबलचक बर्फाचे सुळके फोटोत सुंदर दिसतात, पण मला ते दिसले की मी त्या घराच्या माळ्याचा विचार करते. बांध कुदळीने फोडायला जाऊ नका, शिंगल तुटतात. लांब दांड्याच्या छपराच्या फावड्याने, जमिनीवर उभं राहून, कडेचा तीन-चार फुटांचा बर्फ ओढून काढा. खरा इलाज माळ्यात आहे: दिव्यांच्या आणि पाइपांच्या भोवतीची भोकं बुजवणं आणि मग पुरेसं जाड इन्सुलेशन. क्रम हाच ठेवा. भोकं न बुजवता नुसती इन्सुलेशनची गादी वाढवली तर गरम हवा त्यातूनही वर जाते.

त्या हवेबरोबर वाफही जाते, आणि इथे आपल्या स्वयंपाकाचा विषय येतो. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, भाताची वाफ, घरातच वाळत घातलेले कपडे. बऱ्याच घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह असतो आणि त्याचा पंखा वाफ बाहेर न सोडता पुन्हा खोलीतच फेकतो. ती वाफ खिडक्यांच्या काचांवर पाणी होऊन लाकडी चौकटी कुजवते. माळ्यात पोचली तर छपराच्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दहिवर धरतं, आणि ऊन पडल्यावर तेच वितळून छतावर ओल येते. लोक छप्पर गळतंय म्हणून बोलावतात. छप्पर धडधाकट असतं. मिनेसोटा विद्यापीठाने दिलेलं प्रमाण असं: बाहेर उणे १८ ते उणे २३ सेल्सियस असेल तर घरातली आर्द्रता २५ टक्क्यांपर्यंत, आणि उणे २९च्या खाली गेली तर १५ टक्क्यांपर्यंत. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. स्वयंपाक करताना बाहेर हवा सोडणारा पंखा लावा, तो नसेल तर शेजारच्या न्हाणीघराचा लावा. कुकर बंद करायची काहीच गरज नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या फार जवळची आहे. भारतातून आईवडील सहा-सहा महिने राहायला येतात. मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत, दिवसभर घरात दोन वयस्कर माणसं. छतातून पाणी गळायला लागलं तर ती बादल्या लावतात आणि मुलाच्या फोनची वाट बघतात, कारण परक्या देशातल्या यंत्राला हात लावायची भीती वाटते. आपल्याकडे ज्या बाबांनी सोसायटीच्या टाकीच्या चाव्या वर्षानुवर्षं सांभाळल्या, त्यांना इथली एक दांडी नक्की फिरवता येते. ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना बेसमेंटमध्ये घेऊन जा, त्यांच्या हातून व्हॉल्व्ह बंद-चालू करून घ्या, आणि तिथे मराठीत चिठ्ठी चिकटवा: पाणी गळलं तर ही दांडी आडवी करा.

पाणी शिरलंच तर आधी व्हॉल्व्ह बंद, मग नळ उघडे. बेसमेंटमध्ये साचलेल्या पाण्यात विजेचे सॉकेट बुडाले असतील तर आत पाऊल टाकू नका. काही उचलण्याआधी फोटो काढा. फाटलेल्या पाइपाचा तुकडा प्लंबरला फेकू देऊ नका, आम्हाला तो पुरावा म्हणून लागतो. २४ ते ४८ तासांत वाळवण्याचं काम सुरू झालं नाही तर भिंतीच्या आत बुरशी धरते, म्हणून विमा कंपनीच्या माणसाची वाट न बघता पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून टाका. आम्ही त्याची पावती धरतो.

शेवटचा दावा बहुधा एप्रिल-मेमध्ये येतो. भिंतीबाहेरचा बागेचा नळ न गोठणाऱ्या प्रकारचा असतो, म्हणजे त्याचा खरा व्हॉल्व्ह फूटभर आत, उबेत बसवलेला असतो. पण हिवाळ्यापूर्वी रबरी नळी काढली नाही तर मधल्या तुकड्यात पाणी अडकून तो आतल्या बाजूला फाटतो, आणि नळ बंद असेपर्यंत काही कळत नाही. म्हणून वसंतात पहिल्यांदा तो उघडताना एकाने बेसमेंटमध्ये भिंतीजवळ उभं राहावं. बाहेरच्याने नळाच्या तोंडावर अंगठा दाबून बघावं. अंगठ्याने धार सहज थांबली, तर पाणी आत कुठेतरी जातंय. नळ लगेच बंद करा आणि प्लंबरला बोलवा.